आचारी, आचार्य आणि ‘चेंज ऑल’: एका स्मरणिकेच्या मजकुराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची शिक्षणसंस्था. शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि मुलांचं वसतिगृह. संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. पानं ९६, आतलं सगळं एकरंगी, प्रती ७००. संपादनाची जबाबदारी निवृत्त झालेल्या मराठीच्या सरांकडे होती. छपाई गावातल्याच प्रेसला दिलेली. प्रेसचे मालक अण्णा, आणि त्यांच्याकडे वीसेक वर्षं डीटीपी करणारा ऑपरेटर, ज्याला सगळं गाव दादा म्हणतं. मी सांगलीत मांडणीची कामं करते. सरांची विद्यार्थिनी असल्यामुळे २ जानेवारीला मला फोन आला. समारंभ २८ला होता, म्हणजे २० तारखेच्या आसपास पहिली प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, निघायलाच हवी होती. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

मजकूर चार वाटांनी आला होता. १९९९ च्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतले निवडक लेख पुन्हा घ्यायचे होते, ती ३८ पानं. माजी विद्यार्थ्यांनी मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सॲपवर आणि मेलवर पाठवलेला मजकूर ३१ पानांचा. हाताने लिहिलेले लेख १२ पानांचे. देणगीदारांची यादी आणि हिशेबाचे तक्ते ९ पानं. उरलेली ६ पानं फोटोंची.

अडचण

१९९९ ची स्मरणिका पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टात लावलेली होती. अण्णांनी ती फाइल जपून ठेवली होती, ही त्यांची कमाल. पण ती उघडायची कशात? माझ्याकडचं इनडिझाइन, म्हणजे हल्लीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर, नवं. पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच होती, पुढे ती काढून टाकली. शेवटी प्रेसच्या माळ्यावरचं विंडोज एक्सपीचं यंत्र खाली आलं. श्रीलिपीचं लॉक, म्हणजे मागच्या पोर्टात खोचायची ती डबी, दादाने टेबलाच्या खणातून काढली आणि फाइल उघडली.

उघडली, पण मजकूर बाहेर काढला की रोमन अक्षरांची खिचडी. जुन्या फॉन्टांचं कामच तसं होतं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे: कुठे काना, कुठे अर्धा ‘त’, कुठे रफार आणि अनुस्वार एकत्र जोडलेला एकच तुकडा. फॉन्ट लावला तर मराठी, काढला तर काहीच नाही. उलट मोबाइलवरून आलेला मजकूर युनिकोडमधला. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही लावा, अक्षर तेच राहतं.

म्हणजे एकाच स्मरणिकेत दोन वेगळ्या जातींचा मजकूर, आणि हाताशी अठरा दिवस. शिवाय संस्थेला छापील अंकाबरोबर संकेतस्थळावर ठेवायला पीडीएफ हवी होती. आपलं नाव शोधलं की सापडायला हवं, अशी विश्वस्तांची फर्माईश.

कोणते पर्याय होते

अण्णांच्या टेबलावर ३ तारखेला आम्ही चौघं बसलो.

दादाचं म्हणणं सरळ होतं: सगळं जुन्या फॉन्टातच करू. मोबाइलवरचा मजकूर तो परत टाइप करेल, पेजमेकर नाहीतर कोरलमध्ये लावेल. त्याचा हात त्यात बसलेला, श्रीलिपीचा टाइपरायटर कीबोर्ड त्याच्या बोटांत. प्रेसकडचं कोरल, म्हणजे पत्रिका-जाहिराती करायचं सॉफ्टवेअर, जुनं. ओपनटाइपची, म्हणजे जोडाक्षरं कशी जुळवायची ते फॉन्टमध्येच सांगणाऱ्या पद्धतीची, नीट सोय कोरलमध्ये २०१२ च्या एक्स ६ पासून आली आणि त्यांची आवृत्ती त्याच्याही आधीची, तिथे युनिकोड मराठी टाकली की जोडाक्षरं सुटी होऊन पडायची. दादा युनिकोडला ‘मोबाइलची भाषा’ म्हणायचा ते उगाच नाही. पण या वाटेने पीडीएफमध्ये शोधता येण्याजोगं काही उरलं नसतं.

दुसरा पर्याय सरमिसळीचा: जुने लेख जुन्या फॉन्टात, नवे युनिकोडमध्ये. तो मी तासाभरात करून पाहिला आणि तासाभरातच सोडला. इनडिझाइनमध्ये जुना मजकूर आणला की सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार चिन्ह आपोआप होत होतं. जुन्या फॉन्टात त्या जागेवर मराठी अक्षराचा तुकडा बसलेला. परिणामी मधूनच अक्षरं बदलत होती. ती सोय प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बंद करता येते, पण समोरासमोरच्या दोन पानांवर दोन जातींची अक्षरं दिसणार, त्याला उपाय नव्हता.

तिसरा: ३८ पानं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायची आणि सगळी स्मरणिका इनडिझाइनमध्ये लावायची.

चौथा पर्याय सरांचा: जुनी छापील स्मरणिका समोर ठेवून ३८ पानं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायची. दादा दिवसाला आठ-नऊ पानं सहज करतो. मग अडलं कुठे? लग्नसराई. अण्णांकडे त्या पंधरवड्यात पत्रिकांची रांग होती आणि दादाचे सलग चार-पाच दिवस द्यायला ते तयार नव्हते. व्यापारी माणसाच्या जागी मीही नसते दिले.

तिसऱ्यावर एकमत झालं. कन्व्हर्टर वीस मिनिटांत ३८ पानं देतो हे पाहून सगळेच खूश होते. ती वीस मिनिटं तपासायला किती दिवस लागतील, हा प्रश्न त्या टेबलावर कुणी विचारला नाही. मीही नाही.

काय केलं

आधी इनडिझाइनची बाजू. नव्या माणसाचा पहिला अपघात इथेच होतो. मजकूर पेस्ट केला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, रफार चढत नाही, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. माणूस फॉन्टला दोष देऊन दुसरा फॉन्ट शोधत बसतो. दोष फॉन्टचा नसतो. इनडिझाइन मूळचं रोमन लिपीच्या हिशेबाने ओळी लावतं. पॅराग्राफ स्टाइलमध्ये, म्हणजे परिच्छेदाचं रूप एकदाच ठरवून ठेवतात तिथे, जस्टिफिकेशनखाली कम्पोजर, म्हणजे ओळी जुळवणारी सोय, बदलून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोजर’ करावा लागतो. एका ठिकाणी बदललं की सगळं शहाण्यासारखं वागतं. फोटोशॉपमध्ये हीच सोय प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात असते. दादाने ते पाहिलं आणि म्हणाला, ‘ताई, एवढ्यासाठी मी दहा वर्षं शिव्या घातल्या?’

मग फॉन्ट. सरांची एकच अट होती: ‘ल’ आणि ‘श’ मराठी हवेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत, आणि मराठीचे शिक्षक याबाबतीत माघार घेत नाहीत. जुन्या विंडोजबरोबर येणाऱ्या मंगल फॉन्टमध्ये ही दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली की रूप बदलतं, पण ते फॉन्ट आणि सॉफ्टवेअर दोघांवरही अवलंबून. जोखीम नको म्हणून मूळ मजकुराला टिरो देवनागरी मराठी घेतला. त्याचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे वेगवेगळे फॉन्ट आहेत आणि मराठीतलं रूप मुळातच आपलं. त्यात ठळक वजन नाही, म्हणून शीर्षकं मुक्तमध्ये. त्यात सात वजनं मिळतात. दोन्ही फुकट आणि परवान्याच्या दृष्टीने निर्धास्त. छोट्या प्रेसला हाही मुद्दा असतोच.

अक्षर ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १७. इनडिझाइन आपल्या मनाने अक्षराच्या १२० टक्के अंतर धरतं, म्हणजे ११ ला १३.२. रोमनला ते पुरतं. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय ‘ट्ट’, ‘द्ध’ सारखी उभी जोडाक्षरं. १३.२ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. अक्षरांतलं अंतर सगळीकडे शून्य ठेवलं. मुखपृष्ठ एका माजी विद्यार्थ्याने हौसेने फोटोशॉपमध्ये करून पाठवलं होतं. त्यात ‘सुवर्णमहोत्सव’ हा शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरं फाकवलेली, त्यामुळे शिरोरेघेचे तुकडे. चित्र त्याचं ठेवलं, अक्षरं आम्ही पुन्हा लावली. अरुंद रकाने दोन्ही बाजूंनी समास जुळवून लावले की शब्दांमध्ये खिंडारं पडतात, म्हणून फोटोओळी आणि दोन रकान्यांची पानं डाव्या समासाला लावून सोडून दिली.

स्टाइल एकूण नऊ केल्या. मूळ मजकूर, शीर्षक, उपशीर्षक, लेखकाचं नाव, फोटोओळ वगैरे. हाताने एकाही ओळीचं रूप बदलायचं नाही हा नियम. दादाला तो जाच वाटत होता, कारण त्याच्या पद्धतीत प्रत्येक शीर्षक निवडून आकार आणि वजन हाताने द्यायचं. ११ तारखेला सरांनी ‘शीर्षकं जरा दांडगी वाटतात’ म्हटलं आणि ४१ शीर्षकं एका बदलात लहान झाली. तेव्हापासून त्याने कुरकुर बंद केली.

देणगीदारांच्या तक्त्यांवर मात्र आम्ही वेळ घालवला. ‘ॲड.’ काहींनी एका अक्षराचं लिहिलं होतं, काहींच्या फोनने ‘अ’ वर चंद्र ठेवून दोन अक्षरांचं केलं होतं. डोळ्यांना सारखंच, पण शोधताना आणि अनुक्रम लावताना दोन वेगळे शब्द. गावातले वकील अर्धे वर आणि अर्धे खाली गेले.

तपासणीत काय निघालं

९ तारखेला सर आणि त्यांच्या सौ. जुना छापील अंक घेऊन बसले. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नवा ताव पाहायचा. पहिल्या तासातच सरांचा फोन.

‘अगं, आमच्या वसतिगृहात भाकऱ्या भाजणाऱ्यांना तू एकदम आचार्य करून टाकलंस!’

लेखाचं मूळ नाव ‘वसतिगृहातल्या आचाऱ्यांचा गौरव’. कन्व्हर्टरने ते ‘आचार्यांचा गौरव’ केलं होतं. जुन्या फॉन्टात ‘ऱ्य’ मधल्या अर्ध्या ‘र’ चा वेगळा तुकडा होता. कन्व्हर्टरने त्याला साधा ‘र्’ समजून पुढे ढकललं. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि य हे एकापाठोपाठ आले की रफार चढतो, त्याचा ‘र्य’ होतो. ‘ऱ्य’ हवा तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरावा लागतो, किंवा र आणि हलन्तानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह द्यावं लागतं. म्हणून ‘दुसऱ्या’ चा ‘दुसर्या’ झाला, ‘शेतकऱ्यांचा’ चा ‘शेतकर्यांचा’, आणि ‘कऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ यांच्या डोक्यावरही रफार चढले. यातले बहुतेक शब्द चुकीचे दिसतात, त्यामुळे सापडतात. ‘आचार्य’ हा खरा शब्द. तो डोळ्यासमोरून निघून जातो.

याहून वाईट प्रकार अनुस्वाराचा. रफार आणि अनुस्वार जोडलेला तो एकच तुकडा कन्व्हर्टरने नुसता रफार म्हणून घेतला. ‘पंचवीस वर्षांत संस्थेने पाच शाखा काढल्या’ या वाक्यातलं ‘वर्षांत’ झालं ‘वर्षात’. व्याकरणाने ठीक, अर्थाने गडबड. कुठल्याही शब्दतपासनीसाला हे सापडणार नाही. जुना अंक हातात धरून वाचणारं माणूसच हवं. वाचन तीन दिवसांत होईल असं आम्ही धरलं होतं, त्याला सहा लागले.

निर्णयाचा क्षण: १७ जानेवारीची रात्र

सरांनी दुरुस्त केलेले ताव दादाकडे आले. बहुतेक खुणा ‘र्या’ च्या. दादाने दोनेकशे दुरुस्त्या हाताने केल्या आणि रात्री साडेअकराला त्याच्या डोक्यात एक विचार आला. तो विचार मूर्खपणाचा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ‘र्य’ सरसकट बदलला तर ‘कार्यक्रम’, ‘सूर्य’ बिघडतील हे त्याला कळत होतं. पण उरलेल्या चुका तर ‘दुसर्या’, ‘करणार्या’, ‘पायर्या’ अशा, सगळ्यांच्या शेवटी ‘र्या’. मग फक्त ‘र्या’ शोधून ‘ऱ्या’ केला तर? फाइंड-चेंज उघडलं, ‘चेंज ऑल’ दाबलं, फाइल त्याच नावाने सेव्ह केली. तो घरी गेला. सकाळी अण्णांनी पीडीएफ काढून पहिल्या दोन फॉर्मच्या प्लेटा केल्या. फॉर्म म्हणजे एका तावावर एकत्र छापली जाणारी पानं.

‘र्या’ कुठे कुठे असतो? कार्यालय. मर्यादा. पर्याय. पर्यावरण. आणि पाचव्या पानाच्या माथ्यावर, २८ पॉइंटमध्ये: ‘प्राचार्यांचे मनोगत’.

२० तारखेला दुपारी सर प्रेसवर सहज डोकावले, तेव्हा पहिल्या फॉर्मचे ७०० ताव छापून घडीला गेले होते. त्यावर ‘प्राचाऱ्यांचे मनोगत’. आचारी आचार्य झाले होते, ते निस्तरता निस्तरता आमचे प्राचार्य आचाऱ्यांच्या पंगतीला येऊन बसले.

पुढे दोन वाटा होत्या. पान पाचवर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायची, असं अण्णा म्हणाले. दीड रीम कागद त्यांचा जात होता, त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पण चूक शीर्षकातच, आणि व्यासपीठावर प्राचार्य स्वतः बसणार. पुन्हा छापायचं ठरलं. २० बाय ३०च्या तावावर सोळा पानं बसतात, एकरंगी काम, म्हणजे दोन नव्या प्लेटा आणि पुन्हा तेवढाच कागद. दुसऱ्या फॉर्मच्या प्लेटा झाल्या होत्या पण यंत्रावर चढल्या नव्हत्या. त्याही बदलल्या. कागद प्रेसने सोसला, चारही प्लेटा माझ्या बिलातून गेल्या. संस्थेकडून काही घेतलं नाही.

दुरुस्ती कशी केली, तेही सांगते. १६ तारखेची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर होती, पण त्यात दादाच्या दोनशे खऱ्या दुरुस्त्या नव्हत्या. मागे जाण्यात अर्थ नव्हता. ‘ऱ्या’ शोधत एक-एक ठिकाण पाहत गेलो, मी वाचायचं आणि सरांनी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. ४१२ ठिकाणी ‘ऱ्या’ सापडला, त्यातली ५७ ठिकाणं चुकीची. साडेतीन तास लागले. ‘चेंज ऑल’ ला चार सेकंदही लागले नसतील.

निष्पत्ती

स्मरणिका २७ तारखेला संध्याकाळी बांधून आली. प्रकाशन वेळेत झालं. नंतर तीन चुका सापडल्या. दोन नावांतल्या, आणि एका लेखात ‘वर्षात’ राहिलेलंच.

पीडीएफबद्दलची फर्माईश अर्धीच पुरी झाली. फॉन्ट आत घातलेले आहेत, डोळ्यांना सगळं नीट दिसतं, साधी नावं शोधून सापडतात. जोडाक्षरं किंवा रफार असलेली नावं कधी सापडतात, कधी नाही, कारण पीडीएफमधून मजकूर परत काढताना देवनागरीचा क्रम ढळतो. शेवटी देणगीदारांची यादी संकेतस्थळावर साध्या मजकुराच्या रूपात वेगळी टाकली. हे आधीच ठरवलं असतं तर पीडीएफच्या नावाने झालेली निम्मी चर्चा वाचली असती.

वेगळं काय करता आलं असतं

मी तीन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या. मजकूर आधी साध्या फाइलीत पूर्ण तपासून मगच इनडिझाइनमध्ये आणला असता. आम्ही पानं लावत गेलो आणि तपासतही गेलो, त्यामुळे दुरुस्त्या मांडणीत घुसल्या. अखेरच्या तपासणीनंतर फाइलीचं नाव बदलून जुनी बाजूला ठेवायची, हे माझं काम होतं. दादाला दोष देणं सोपं आहे, पण फाइल कुलूपबंद कधी करायची ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि रफाराच्या बदलासाठी त्याला ‘र्या’ ऐवजी शब्दांची यादी दिली असती: दुसर्या, तिसर्या, करणार्या, शेतकर्या, पायर्या, नोकर्या. एकेक पूर्ण शब्द शोधून बदलला तर प्राचार्यांना धक्का लागत नाही.

सरांचं मत अजून निराळं आहे. त्यांच्या हिशेबाने ३८ पानं टाइप करायला पाच दिवस, वाचायला तीन. कन्व्हर्टरची वीस मिनिटं, वाचनाचे सहा दिवस आणि वर एक फॉर्म रद्दीत. ‘तुमचं यंत्र फुकट निघालं नाही,’ असं ते म्हणतात. मी म्हणते, टाइप करणाराही ‘वर्षांत’ चं ‘वर्षात’ करू शकतो. ते म्हणतात, करेल, पण सगळीकडे एकच चूक करणार नाही. या मुद्द्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. उलटंही म्हणता येतं की एकसारखी चूक शोधायला सोपी. तक्त्यांपुरतं मात्र आमचं एकमत आहे: आकडे आणि नावं कन्व्हर्टरमधून न्यायचीच नाहीत.

रद्द झालेले ७०० ताव अण्णांनी टाकले नाहीत. कोऱ्या बाजू नसल्याने पावतीपुस्तकांना उपयोग नव्हता, मग पत्रिकांचे गठ्ठे बांधायला वापरले. फेब्रुवारीभर गावात लग्नाच्या पत्रिका ‘प्राचाऱ्यांचे मनोगत’ मध्ये गुंडाळून जात होत्या, आणि प्राचार्यांच्या पुतणीच्या लग्नाचा गठ्ठाही त्यातूनच गेला.